कऱ्हा खोऱ्याचा आकार: कोणता डीईएम घ्यावा, थ्रेशोल्ड किती ठेवावा?

डोंगरवाट: एमएस्सीच्या प्रकल्पाला कऱ्हेचं खोरं घेतलंय, सासवडच्या वरच्या डोंगरांपासून सोनगावच्या नीरा संगमापर्यंत. क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरवर काम चालू आहे. डीईएम (जमिनीच्या उंचीचं चौकटी-चौकटींचं डिजिटल मॉडेल) कोणता घेऊ? थ्रेशोल्ड, म्हणजे किती चौकटींचं पाणी एकत्र आलं की ओढा धरायचा तो आकडा, किती? कऱ्हेवरच्या नाझरे जलाशयात प्रवाहांच्या समांतर सरळ रेषा उमटतात आणि वर्तुळाकारता गुणोत्तर (खोरं किती गोल आहे ते) फारच कमी येतं, ते का?

नकाशेवाला: कोपर्निकस हा ३० मीटर चौकटींचा डीईएम घ्या. त्याची रडार मोजणी २०११ ते २०१५ मधली आहे, एसआरटीएम या जुन्या डीईएमची फेब्रुवारी २००० ची. इस्रोचा कार्टोडेमही चालेल, पण त्यातली उंची एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची) असते, म्हणून आपल्याकडे समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठेक मीटर कमी दिसते. खोऱ्याच्या आकाराला त्याने फरक पडत नाही. दोन वेगळे डीईएम जोडलेत, तर मात्र सांध्यावर नसलेला कडा उभा राहील.

१८ उत्तर ७३ पूर्व आणि १८ उत्तर ७४ पूर्व, या डीईएमच्या दोन टाइल (तुकडे) आधी जोडा आणि मगच मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात (ईपीएसजी ३२६४३) न्या. रिसॅम्पलिंग (नव्या चौकटींना उंची देण्याची पद्धत) बायलिनियर, म्हणजे शेजारच्या चौकटींची सरासरी घेणारं, ठेवा. निअरेस्ट नेबर (सर्वांत जवळच्या चौकटीची उंची तशीच उचलणारं) ठेवलंत तर हिलशेडवर (डोंगरांच्या छायाचित्रावर) पट्टे दिसतील आणि प्रवाह त्या पट्ट्यांतूनच वाहतील.

थ्रेशोल्ड ५०० सेलपासून (चौकटींपासून) सुरू करा, म्हणजे ०.४५ चौ. किमी. ४७ एफ आणि ४७ जे या टोपोशीटांवरच्या (सर्वेक्षण नकाशांवरच्या) निळ्या रेषांशी ताडून पाहा. ओहोळ नसलेल्या उतारावर रेषा चढत असतील तर आकडा वाढवा. पुरंदरच्या उतारावर आणि बारामतीच्या सपाटीवर असं दोन्हीकडे तपासा. प्रवाहघनता (दर चौ. किमीमागे प्रवाहांची लांबी) आणि स्ट्राहलर श्रेणी (ओढ्यांना लहान-मोठेपणानुसार दिलेले क्रमांक) याच आकड्यावर ठरतात, त्यामुळे तो तक्त्याखाली लिहाच.

पाणलोट_४७: जलाशयाचं पाणी डीईएममध्ये सपाट असतं. पाणी शेजारच्या आठ सेलपैकी एकाकडे वळवणाऱ्या डी८ पद्धतीला उतार सापडला नाही की ती एकच दिशा धरून रेषा ओढते. धरणाआधीच्या टोपोशीटवरून नदीची रेषा काढा आणि डीईएममध्ये १० मीटर खोल कोरा.

खरी गोम पुढे आहे. बारामतीजवळ नीरा डावा कालवा कऱ्हेला ओलांडतो. त्याचा भराव डीईएमला बांध वाटतो. सिंक (डीईएममधले बंद खळगे) भरले की भरावामागे तळं साचतं आणि नदी कालव्याच्या कडेने चालू लागते. पुलांचंही तेच. तिथले दोन-तीन सेल आधी कापा. ग्रास सॉफ्टवेअरच्या आर.वॉटरशेड या साधनाला सिंक भरावे लागत नाहीत, तरी हा भराव एकदा डोळ्यांखालून घालाच.

आउटलेट (खोऱ्याचं पाणी बाहेर पडतं तो बिंदू) संगमाच्या थोडं वर, वरून येणाऱ्या प्रवाहाचा संचय सर्वाधिक असलेल्या कऱ्हेच्या सेलवर ठेवा. एक सेल बाजूला पडला तर हातात शेताएवढी चिंधी येते, नीरेवर पडला तर भोरपर्यंतचं सगळं खोरं.

वर्तुळाकारता म्हणजे ४π × क्षेत्रफळ ÷ परिमितीचा वर्ग. रास्टरवरून (चौकटींच्या चित्रावरून) काढलेली सीमा जिन्यासारखी असते, तिने परिमिती सरासरी सव्वापट फुगते. वर्ग घेतल्यावर गुणोत्तर दीडपटीहून जास्त घसरतं.

डोंगरवाट: मग सीमा गुळगुळीत करताना टॉलरन्स (रेषा मूळ जागेवरून किती हलू द्यायची ते अंतर) किती? आणि आकार घटक, लांबटपणा गुणोत्तर दोन्ही द्यायचे का?

पाणलोट_४७: क्यूजीआयएसमधल्या सिम्प्लिफाय या रेषा सोप्या करणाऱ्या साधनाला ४५ मीटर द्या. क्षेत्रफळ अर्ध्या टक्क्याहून जास्त बदललं तर टॉलरन्स कमी करा.

नकाशेवाला: दोन्ही देऊ शकता, पण एकाने दुसऱ्याला दुजोरा मिळतो असं लिहू नका. आकार घटक म्हणजे क्षेत्रफळ ÷ लांबीचा वर्ग, आणि लांबटपणा म्हणजे त्याच्याच वर्गमुळाची १.१२८ पट. ४०० चौ. किमी खोरं ४० किमी लांब असेल तर पहिला ०.२५, दुसरा ०.५६. माहिती एकच, कपडे दोन. कित्येक प्रबंधांत ही दोन वेगळी प्रमाणं म्हणून मिरवतात.

लांबी मात्र नीट ठरवा: संगमापासून जलविभाजकावरच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंतची सरळ रेषा, की मुख्य प्रवाहाबरोबरची वळणं धरून? एकदा ठरलं की सगळ्या उपखोऱ्यांना तीच लावा.