घुमट आरती लिलीपॉन्डमध्ये: अक्षरं स्वरांच्या पुढे का धावतात?

प्रश्न (म्हापसा)
चतुर्थीच्या मराठी आरत्या लिलीपॉन्ड 2.24 (टाइप केलेल्या मजकुरातून स्वरलिपी तयार करणारं सॉफ्टवेअर) मध्ये लिहितोय. वर व्हायोलिनसाठी स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी), खाली घुमटाचा, म्हणजे चामडं ताणलेल्या मातीच्या मडक्याचा, ठेका. शब्दांच्या जागी चौकोन येतात, आलाप आला की अक्षरं पुढे धावतात. आणि ठेका कुठल्या वाद्याच्या नावाने लिहायचा?

उत्तर 1 (फोंडा)
चौकोन फॉन्टमुळे. फाइल यूटीएफ-8 (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह करा, लिरिकटेक्स्टच्या (गाण्याच्या शब्दांच्या) फॉन्ट-नेमला 'नोटो सेरिफ देवनागरी' द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, समोरच्याकडे नसला तरी चालतं.

अक्षरं धावतात ती बहुतेकदा स्लर (स्वर जोडणारी कमान) नसल्यामुळे. एका अक्षरावर तीन स्वर घेतले आणि पहिल्या स्वरानंतर उघडा कंस, तिसऱ्यानंतर बंद कंस दिला नाही, तर 'लिरिक्सटू' (शब्द स्वरांना जोडणारी आज्ञा) प्रत्येक स्वराला एकेक अक्षर वाटत सुटतं. स्लर नको असेल तर शब्दांच्या ओळीत तिथे अंडरस्कोर द्या. कणस्वर 'ग्रेस'मध्ये लिहा, तो अक्षर खात नाही.

अक्षरांमध्ये दोन हायफन, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. जोडाक्षर मात्र तोडू नका: 'मूर् -- ती' लिहिलं की रफार जाऊन पाय मोडलेला र दिसतो. 'मू -- र्ती' लिहा.

उत्तर 2 (सांखळी)
ठेक्याला ड्रमस्टाफ (तालवाद्यांची पट्टी), रेषा 2, तक्ता 'बोंगोज-स्टाइल' (बोंगो म्हणजे हाताने वाजवायचे जोड-ड्रम). खोल ठोक्याला 'बीओएल' (खालचा बोंगो), कोरड्याला 'बीओएच' (वरचा). स्नेअर (काठीने वाजवायचा ड्रम) नको, निदान हाताने वाजवलेल्या चामड्यासारखं तरी ऐकू यावं. डाव्या हाताने मडक्याचं तोंड झाकून-उघडून जी घुमी निघते ती मिडीत (लिलीपॉन्ड ऐकण्यासाठी काढून देतं ती ध्वनी-फाइल) येत नाही. मिडी फक्त मात्रा तपासायला.

दादरा 6/8, केरवा 4/4. प्रत्येक बारच्या (तालाच्या एका खंडाच्या) शेवटी उभी रेघ टाकाच. मात्रा चुकली की लॉगमध्ये ओळ क्रमांकासह 'बारचेक फेल्ड' येतं. समेआधी उठाव असेल तर 'पार्शल' (अपुऱ्या पहिल्या बारची आज्ञा) द्या, नाहीतर पहिल्याच बारपासून सम सरकते.

उत्तर 3 (मडगाव)
पट्टीचंही बघा. काळी 1 साठी 'ट्रान्सपोज' (पट्टी बदलण्याची आज्ञा) सी ते सिस (सी शार्प) केलंत तर 7 शार्प येतात, सी ते देस (डी फ्लॅट, तीच काळी 1) केलंत तर 5 फ्लॅट. 'रिलेटिव्ह' (स्वराचं सप्तक आधीच्या स्वरावरून ठरवणारी आज्ञा) वापरत असाल तर ते ट्रान्सपोजच्या आत ठेवा, उलट केलं की सप्तकं उड्या मारतात.

सोल्फेज (दो-रे-मी पद्धत) शिकलेल्यांसाठी लँग्वेज 'पोर्तुगीस' करा: दो, रे, मी चालतात, शार्पला एस, फ्लॅटला बी. गाणाऱ्यांना झेपत असेल तर सरळ पांढरी 2 (डी) घ्या. 2 शार्प राहतात, शिवाय सा आणि प व्हायोलिनच्या मोकळ्या तारांवर येतात.