वठलेल्या झाडांची ओढ: सौंदर्यदृष्टी की पाहुण्याची चैन?

डोंगरवाट

गेल्या फाल्गुनात गुंजवण्याहून राजगडाच्या चोरदरवाजाकडे चढत असताना वाटेपासून वीसेक पावलांवर एक वठलेला ऐन दिसला आणि आम्ही चौघेही काही न ठरवता तिथे थांबलो. ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोन असतात. ती साल पत्र्यासारखी सुटून खाली पडली होती आणि उघड्या पडलेल्या राखाडी लाकडावर अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी रेघा स्पष्ट दिसत होत्या. वरच्या एका आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढे गोल भोक होते. ते तांबटाचे असावे, कारण पावसाचे पाणी आत जाऊ नये अशाच बाजूने तो पक्षी घर कोरतो.

त्या दिवशी शंभर हिरवी झाडे आम्ही न पाहता मागे टाकली असतील, पण या एका झाडापाशी अर्धा तास गेला. पानांखाली झाकलेला झाडाचा सगळा इतिहास, म्हणजे कुठे वाऱ्याने वाकवले, कुठे फांदी मोडली, कुठे उन्हासाठी वळण घेतले, तो वठल्यावरच वाचता येतो, असे मला वाटते.

माझे म्हणणे असे की रानातली अशी झाडे उभी राहू द्यावीत. सुतार पक्षी आणि तांबट मऊ झालेल्या मेल्या लाकडात ढोल्या करतात, आणि ते गेल्यावर ज्यांना स्वतः कोरता येत नाही असे पिंगळे, पोपट आणि मैना तिथे राहायला येतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री हिरवट उजळणारी बुरशी पाहायला लोक दुरून जातात. तीही कुजणाऱ्या लाकडावरच वाढते. मेलेल्या झाडाला निरुपयोगी मानून ते तोडण्याची आपली घाई मला समजत नाही. इतरांचे मत वाचायला आवडेल.

चुलीपाशी

मी असहमत आहे, आणि मी त्याच डोंगररांगेत नांदते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे सिलिंडर आहे, पण तो चहाला आणि पाहुणे आले की वापरायचा. आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच होते. माझ्या सासूबाई गेली चाळीस वर्षे मोळी आणतात आणि त्यांचा एक नियम आहे: ओल्या झाडाला कोयता लावायचा नाही. हा नियम वाळके लाकूड मिळते तोवरच पाळता येतो, हे कृपया लक्षात घ्यावे. ऐन तर जळणात पहिल्या पसंतीचा, कारण त्याचा निखारा लवकर विझत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात बुंधे आणि झुडपी लाकूडसुद्धा धरले आहे, ते उगाच नव्हे.

तुम्ही त्या झाडापाशी अर्धा तास थांबलात, याचा मला आनंद आहे. पण संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन तुम्ही गीझरचे बटण दाबले असणार. ज्याला ते झाड घरी न्यायचे नाही, त्यालाच ते इतके निवांत सुंदर दिसू शकते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माडाखाली

गुहागरकडे माझी लहानशी बाग आहे, त्यामुळे मी फक्त बागायतीपुरते बोलतो. शेजारच्या वाडीत दोन माड वीज पडून मेले आणि मालक मुंबईत असल्याने ते शेंडे गळालेले खांब तीन पावसाळे तसेच उभे राहिले. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती शेणखताच्या खड्ड्यात किंवा अशाच कुजक्या खोडात; तिथे अळ्या पोसल्या जातात आणि बाहेर पडलेला भुंगा शेजारच्या जिवंत माडाच्या न उलगडलेल्या कोवळ्या पानांत शिरतो. पुढे ते पान उघडते तेव्हा कात्रीने त्रिकोण कापून काढल्यासारखे दिसते. माझ्या सात माडांवर आजही ती कात्री फिरलेली आहे.

काजूचीही तीच गोष्ट आहे. रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागून मेलेले झाड मुळासकट काढून नष्ट केले नाही, तर त्याच खोडातून बाहेर आलेले भुंगेरे पुढच्या झाडाकडे वळतात. अशा झाडापुढे उभे राहून त्याचा इतिहास वाचत बसायला मला तरी सवड नाही.

घाटरस्ता

रस्त्याकडेच्या वठलेल्या झाडांना या चर्चेतून वगळावे, एवढीच विनंती आहे. ज्याने वळवाच्या वाऱ्यात दुचाकी चालवली आहे, त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

डोंगरवाट

माडाखाली आणि घाटरस्ता यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. बागेचा आणि रस्त्याचा न्याय वेगळाच असणार, आणि मी मुळात रानाबद्दलच लिहिले होते.

चुलीपाशी यांच्या प्रतिसादाने मात्र मी अस्वस्थ झालो आणि तरीही पूर्ण पटलो नाही. पडलेली फांदी नेणे आणि उभे खोड पाडणे यांत मला फरक वाटतो, कारण ढोली असते ती बहुधा उभ्या खोडात. शिवाय हे कौतुक फक्त शहरी आहे, असे म्हणणेही अपुरे आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. गीझर तर सोडाच, गावात वीजही नव्हती तेव्हापासून लोकांनी त्या राखल्या आहेत. अनेक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत, झाड पडले तर ते जागेवरच कुजते. तो नियम भीतीपोटी पाळला जात असेल, पण पाळणारे चुलीवरच स्वयंपाक करणारे होते.

चुलीपाशी

देवराई देवाची असते आणि तिच्या बाहेरचे रान पोटापाण्याचे असते. दोन्ही एकाच गावाने ठरवलेले आहे. तुम्ही त्यातला अर्धा भागच उचलला आहे.

खोडरेषा

मला या चर्चेत एक वेगळीच अडचण दिसते. धागाकर्त्यांनी फांद्यांचे, सालीचे आणि भोकाचे इतके बारीक वर्णन केले आहे, पण बुंध्याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. झाड वठले हे आपण पाहतो. ते कशाने वठले, हे सहसा विचारत नाही.

जिवंत झाडाच्या गाभ्यातले लाकूडही खरे तर मृतच असते, वाढणारा थर सालीच्या आत असतो आणि तो अगदी पातळ असतो. बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल पूर्ण गोल सोलून काढली, की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही. मुळे उपाशी मरतात आणि झाड कित्येकदा वर्ष-दोन वर्षांनी वाळते, तेव्हा ते कोणी केले हे कोणाला आठवतही नाही. ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी अशाच रीतीने उभा वाळवत असत, म्हणजे तो हलका होऊन नदीत तरंगे. आपल्याकडे 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि तोडायला परवानगी मागावी लागते. ‘ते तर आधीच वाळले होते’ हे सांगणे अर्थातच सोपे जाते. शहरात जाहिरातफलकाआड येणारी झाडे कशी अचानक वठतात, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे.

उजनीच्या पाण्यात उभी असलेली वठलेली झाडे आणि त्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे, हे भिगवणचे छायाचित्र प्रत्येकाच्या संग्रहात असते. धरण 1980 साली पूर्ण झाले, आणि त्याच जलाशयात उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते. झाडे सुंदर दिसतात हे मी नाकारत नाही, मीही ते छायाचित्र काढलेले आहे. फक्त ती बुडून मेली, हे चित्रात येत नाही.

दुसरे असे की फाल्गुनात निष्पर्ण दिसणारे झाड मेलेलेच असते असे नाही. कांडोळाचे पांढरेफटक खोड पाहून कितीतरी जण फसतात, पांगारा आणि सावरही फुलाआधी वाळक्या काठ्यांसारख्या दिसतात. डहाळीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तर ते झाड केवळ पावसाची वाट पाहत आहे. आपण खरवडून पाहिले होते का?

डोंगरवाट

नव्हते पाहिले. साल गळून पडलेली होती, त्यामुळे झाड मेलेले होते याबद्दल शंका नाही. पण बुंध्याचा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडच्या अकराही छायाचित्रांत खालचा दोन हात भाग कारवीत झाकलेला आहे. मी सगळी छायाचित्रे वरच्या दिशेनेच काढली आहेत, हे तुमचा प्रतिसाद वाचल्यावर प्रथमच लक्षात आले.

डोंगरवाट

काल पुन्हा तिथे जाऊन आलो, म्हणून ही भर घालतो.

कारवी बाजूला करून बुंधा चारही बाजूंनी पाहिला. साल गोल सोलल्याची कोणतीही खूण नाही. मात्र हात पोहोचेल आणि खांद्यावर चढून कोयता पोहोचेल तिथपर्यंतच्या सगळ्या फांद्या बुंध्याजवळ तोडलेल्या आहेत, आणि एकाच खोडक्यावर जुन्या घावाच्या वर नवा घाव, त्याच्याही वर आणखी एक, असे थर आहेत. खाली भातखाचरे आहेत. राबासाठी, म्हणजे भाताची रोपे करायची जमीन पालापाचोळ्याने भाजण्यासाठी, हा ऐन वर्षानुवर्षे खुडला जात होता, हे आता मला कळते. पहिल्या भेटीत ज्या गाठींना मी ‘वाऱ्याने दिलेला आकार’ समजलो होतो, त्या कोयत्याच्या आहेत. झाड त्यानेच वठले की वयाने, हे मी सांगू शकत नाही. भोक असलेली फांदी जागेवर आहे आणि तांबट चोचीत काहीतरी घेऊन आत जाताना दिसला.

इतके समजल्यावर ओढ कमी झाली का, तर नाही. या वेळी मी तासभर बसलो.

चुलीपाशी

राबाला खुडलेला ऐन पुन्हा फुटतो, म्हणून तर तो खुडतात. पण दर वर्षी खुडला आणि मध्ये एखादे वर्ष मोकळे सोडले नाही, तर कधीतरी फुटत नाही. आमच्या बांधावरचे दोन असेच गेले.

ती फांदी कोयत्याच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून राहिली आहे. पिल्ले उडून गेल्यावर एखाद्या वळवात ती पडेल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी ती मोळीत बांधून नेईल. बहुतेक माझ्या सासूबाईच.