धावत्या गाडीत क्षणभर वीज जाते, गॅरेजमध्ये मात्र दोष सापडत नाही

अनगोळवासी:
नमस्कार. माझ्याकडे नऊ वर्षे वापरलेली, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून कामानिमित्त आठवड्यातून तीनदा मी तिने बेळगावहून निपाणीला जातो. गेल्या दीड महिन्यापासून चालत्या गाडीत एकाएकी मीटरवरचे सगळे दिवे लुकलुकतात, वेगाचा काटा शून्यावर येतो, स्टिअरिंग जड होते आणि दोन सेकंदांत सारे पूर्ववत होते. इंजिन मात्र एकदाही बंद पडलेले नाही. वंटमुरी घाटात असे एकदाच घडले, पण संकेश्वरात शिरताना सेवा रस्त्याच्या खड्ड्यांतून गाडी वळवली की हमखास घडते. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलून ४,८०० रुपये घेतले. दुसऱ्या ठिकाणी अर्धा तास इंजिन चालू ठेवून ‘दोष नाही’ म्हणून गाडी परत दिली. जो दोष उभ्या गाडीत दिसतच नाही, तो शोधायचा कसा?

घाटप्रवासी:
माझ्या जुन्या गाडीत असाच प्रकार होता आणि दोष इग्निशन स्विचमध्ये निघाला. घराच्या, दुकानाच्या आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा मी गाडीच्या किल्लीलाच अडकवत असे. वर्षानुवर्षे त्या वजनाने स्विचमधले संपर्क झिजले होते आणि खड्ड्यात जुडगा हेलकावला की ते क्षणभर सुटत. आठवडाभर एकटी किल्ली लावून पाहावी. त्याला खर्च काहीच नाही.

उद्यमबागचा वायरमन:
वरील शक्यता विचारात घेण्याजोगी आहे, तरीही स्विचला हात लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. हा प्रकार झाल्यानंतर स्टिरिओचे घड्याळ वेळ दाखवते, की १२ वर जाऊन बसते?

अनगोळवासी:
१२ वर जाते. बॅटरी बदलताना वेळ पुसली गेली असेल, असे समजून मी ती पुन्हा लावली. त्यानंतर तीनदा लावावी लागली आहे.

उद्यमबागचा वायरमन:
तर मग इग्निशन स्विच बाजूला ठेवावा. घड्याळाला किल्ली बंद असतानाही बॅटरीचा थेट पुरवठा असतो, त्यामुळे केवळ स्विचचा संपर्क सुटला असता तर स्टिरिओ बंद पडला असता, पण वेळ शाबूत राहिली असती. शिवाय स्विच सुटला तर इंजिनही बहुधा गचके खाते. अशा दोषात काय बंद पडले याइतकेच काय चालू राहिले, हेही महत्त्वाचे असते. आपल्याकडे मीटर, स्टिरिओ आणि स्टिअरिंग एकदम जातात आणि इंजिन चालू राहते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून सहसा एक वायर बॉडीला आणि दुसरी इंजिन किंवा गिअरबॉक्सला जाते. करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या या जोडणीला अर्थिंग म्हणतात. बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या संगणकाचे अर्थिंग इंजिनवरच घेतलेले असते, मीटर-स्टिरिओसारख्यांचे बॉडीवर. म्हणून माझा पहिला संशय बॉडीच्या अर्थिंगवर आहे.

वळतानाच का होते, याचेही कारण त्यात आहे. विजेवर चालणारे स्टिअरिंग कमी वेगात वळवताना कित्येक ॲम्पिअर करंट ओढते. अर्थिंगच्या सांध्यात केवळ ०.०५ ओहम रोध असला आणि ४० ॲम्पिअर करंट गेला, तर २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग न फिरवता तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवरच टेकवावी, तिच्यावर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल पिन बॉडीच्या उघड्या धातूवर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. मग कोणाला तरी स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवायला सांगून अर्थिंगची वायर हाताने हलवावी. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात व बाह्या दूर ठेवाव्यात. त्यातूनही काही न दिसल्यास त्याच दोन जागांना लांब वायरी चिमट्यांनी जोडून मीटर आत घ्यावा आणि कमाल आकडा धरून ठेवण्याच्या सोयीवर लावून गाडी खड्ड्यांतून न्यावी. मीटरकडे शेजारच्याने पाहावे, चालवणाऱ्याने नव्हे.

एक विनंती: अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढणारे अजूनही भेटतात. त्यांना तसे करू देऊ नये. व्होल्टेज एकदम उसळून गाडीतले संगणक जळू शकतात.

चिकोडी रोड:
आमची गाडी उसाच्या फडालगत उभी असते आणि पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये बिऱ्हाड करतात. म्हणून वायरींची कुरतडही पाहून घ्यावी. स्कॅनर लावल्यास पी ०५६२ हा कोड मिळू शकेल. त्यावरून व्होल्टेज कमी झाल्याचे कळते, कुठे कमी झाले ते कळत नाही.

अनगोळवासी:
रविवारी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. नुसत्या दिव्यांवर ०.३ व्होल्ट, म्हणजे मर्यादेहून किंचितच जास्त दिसले, म्हणून मी जवळजवळ निराश झालो होतो. मुलाने स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवताच आकडा १.६ वर गेला आणि आतले दिवे मंदावले. बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली अर्थिंगचा बोल्ट दिसला. दहाच्या पान्याने खोलला तेव्हा लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली धातू नव्हताच, गाडीचाच निळा रंग होता, आणि त्याच्या कडेने तपकिरी गंज चढला होता. दोन वर्षांपूर्वी पुढच्या बाजूचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते. रंगवणाऱ्याने रंगावरच बोल्ट आवळला असावा. केवळ बोल्टच्या आट्यांतून जो संपर्क होत होता, तो गंजाने हळूहळू तुटत गेला.

पॉलिश पेपरने जागा चकचकीत होईपर्यंत घासली, लगही घासला, बोल्ट घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावले. आता स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही ०.०६ व्होल्टच दिसतात. काल निपाणीला जाऊन आलो, संकेश्वरच्या त्याच खड्ड्यांतून मुद्दाम दोनदा वळलो. घड्याळाची वेळ पुसली गेली नाही. इंजिनकडे जाणाऱ्या वायरचा लगही थोडा हिरवा पडलेला दिसतो. त्यावर आकडा ०.१ च्या आत असला, तरी तो बदलून घेऊ का?

उद्यमबागचा वायरमन:
बदलण्याची गरज नाही, पण ट्रे पुन्हा काढाल तेव्हा तोही घासून घ्यावा. सेल्फ मारताना त्याच वायरीवरचे व्होल्ट एकदा मोजून इथे कळवावेत. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर मात्र नवीन वायर घालावी.