माथाडी मंडळाचा नमुना अ‍ॅपवरच्या कामगारांना पुरेल का?

वाराई

अ‍ॅपवर काम करणाऱ्यांची संघटना बांधता येत नाही, कारण त्यांना मालक नाही, कारखान्याचे फाटक नाही आणि एकत्र जमण्याची वेळही नाही, असे हल्ली जुने कार्यकर्तेसुद्धा म्हणू लागले आहेत. मला ते मान्य नाही.

मुंबईच्या बाजारांत आणि गोदामांत पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाड्यालाही मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी काम मिळालेच तर तिसऱ्याचा. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. मुकादम म्हणे, मी केवळ टोळी आणतो. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना उभी केली तेव्हा त्यांनी मालक शोधण्यात वर्षे घालवली नाहीत. संघटनेच्या रेट्याने १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला आणि त्याने प्रश्नच बदलला: नोकर कोणाचा हे न विचारता, काम कोणाचे झाले एवढेच विचारायचे. ज्याचे काम झाले त्याने ठरलेली मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या प्रमाणात आकारलेली जादा रक्कम, या कायद्याने स्थापलेल्या माथाडी मंडळाकडे भरायची. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, पगारी रजा व औषधोपचार भागवते.

आता केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेकडे पाहावे. २०२० साली संमत झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची आहे, आणि तीही कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नाही. म्हणजे पैसा येणार, पण मजुरीचा दर कंपनीच्याच हातात राहणार. माथाडी मंडळातून मजुरी स्वतः वाहते, म्हणून तिथे प्रत्येक पोत्याची नोंद होते आणि दरावर वाटाघाट करता येते. नुसत्या निधीतून अपघातानंतर मदत मिळेल, फेरीमागचे पैसे वाढणार नाहीत. म्हणून कामगार संघटनांनी आज एकच मागणी लावून धरावी, असे माझे मत आहे: प्रत्येक फेरीची मजुरी मंडळामार्फत द्या.

चाळकरी

तीस वर्षे संघटनेचे काम केलेला माणूस म्हणून आपल्याशी स्पष्ट असहमती नोंदवतो. मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी कोण नेमते? शासन. कामगाराच्या वतीने बोलायचा अधिकार कायद्याने बाहेरून वाटला की काय होते, हे माझ्या पिढीने गिरणगावात पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या, मान्यताप्राप्त संघटनेलाच होता. सरकारला आणि मालकांना कामगारांशी बोलावेच लागले नाही. संप मोडण्याची कारणे पुष्कळ होती, तरी हे कारण त्यांतले लहान नव्हते.

दुसरे असे की, 'मालक शोधत बसू नका' हा सल्ला मला घातक वाटतो. मुंबई महापालिकेच्या कचरा गाड्यांवरच्या कंत्राटी सफाई कामगारांना कागदोपत्री स्वयंसेवक म्हटले जात होते, आणि कंत्राटी कामगार कायदा तेव्हा वीस कामगारांपासून लागू होत असे म्हणून त्याहून लहान तुकड्यांची कंत्राटे दिली जात होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने नेमका मालकच शोधला. वर्षानुवर्षे हजेरीची कागदपत्रे जमवली, कंत्राटदार बदलला तरी माणसे आणि काम तेच आहे हे सिद्ध केले, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. मालक सापडतो, शोधणारी संघटना चिवट हवी. जो कंपनीच्या टी-शर्टात, कंपनीच्या दराने, कंपनीच्या शिक्षेच्या भीतीने धावतो, त्याला आपण होऊन 'बिनमालकाचा' म्हणणे म्हणजे कंपनीचीच भाषा बोलणे होय.

वाहतूकदार, पिंपरी

माझे तीन टेम्पो आहेत, त्यामुळे मी या चर्चेत बहुधा नको असलेला पाहुणा आहे; तरीही अनुभव सांगतो. एका कारखान्यात माल यंत्राने उतरवला गेला, एकाही माणसाने पोते उचलले नाही, आणि तरी फाटकावरच्या टोळीने वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, घेतल्याशिवाय गाडी बाहेर सोडली नाही. ती टोळी मंडळाकडे नोंदलेली तरी होती की नाही, हे विचारण्याची हिंमत माझ्या चालकाला झाली नाही. कायद्याच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण नोंदणीची यादी बंद झाली की आतला कामगार सुरक्षित होतो आणि बाहेरचा गरीब माणूस बाहेरच राहतो. परवा जालन्याहून आलेला मुलगा आज अ‍ॅपवर नाव घालून संध्याकाळपर्यंत चार पैसे मिळवतो. तुमच्या मंडळाने त्याला 'जागा नाही' म्हटले तर त्याने कुठे जावे?

दोनचाकी

मी स्वतः डिलिव्हरी करतो, म्हणून थोडे कामाच्या ठिकाणचे लिहितो. मागच्या पावसाळ्यात माझी आयडी एका तक्रारीवरून ब्लॉक झाली. तक्रार कोणाची, कसली, हे आजतागायत कळले नाही. अकरा दिवस घरी बसलो. त्या अकरा दिवसांत मला निधी नको होता आणि कायम नोकरीही नको होती. कारण सांगणारा एक माणूस हवा होता. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे, असे वाचले तेव्हा पहिल्यांदा वाटले की कोणीतरी आमचे ऐकून लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट वरच्या प्रतिसादांत आलेली नाही. आम्ही लॉग-आउट करून संप करतो तेव्हा रस्त्यावर गाड्या कमी होतात, आणि गाड्या कमी झाल्या की अ‍ॅप उरलेल्यांसाठी इन्सेंटिव्ह वाढवते. म्हणजे आमचा संप जितका यशस्वी, तितका तो फोडणाऱ्याचा फायदा मोठा. ज्याच्या गाडीचा हप्ता थकला आहे त्याला मी दोष देऊ शकत नाही. पण जिथे दहा मिनिटांत किराणा पोहोचवण्याची गोदामे आहेत, तिथे चित्र वेगळे आहे. तिथे आम्ही एकाच दारात रांगेने उभे असतो. एप्रिल २०२३ मध्ये ब्लिंकिटने फेरीमागचे किमान २५ रुपये १५ वर आणले, तेव्हा दिल्ली परिसरातल्या रायडरनी काम थांबवले आणि तिथली कित्येक गोदामे काही दिवस बंद राहिली, कारण सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते. फाटक नाही असे म्हणणाऱ्यांनी रात्री आठ वाजता अशा एखाद्या गोदामासमोर येऊन पाहावे.

वाराई

दोनचाकी, आपल्या प्रतिसादाने माझ्या मांडणीतली उणीव दाखवली. मजुरी मंडळातून गेली तरी काम द्यायचे की नाही हे अ‍ॅपच ठरवणार असेल, तर ब्लॉक करण्याचे हत्यार त्याच्याच हाती राहील. आयडी बंद करण्याचे कारण आणि त्याविरुद्धचे अपील मंडळापुढे आलेच पाहिजे. ही मागणी मी दराच्या बरोबरीने धरतो.

वाहतूकदारांचा आक्षेपही मी बाजूला सारणार नाही. न उचललेल्या ओझ्याची वाराई ही खंडणी आहे आणि तिच्याविरुद्ध पहिला आवाज माथाडी संघटनांनीच उठवायला हवा. बंद यादीचा धोका मात्र अ‍ॅपच्या बाबतीत कमी आहे, कारण अ‍ॅपवर नाव घातले की मंडळाकडे नोंद आपोआप व्हावी, अशी रचना करता येते. राजस्थानने २०२३ च्या कायद्यात अ‍ॅपवरच्या सर्व कामगारांची नोंदणी आणि व्यवहारागणिक शुल्क हेच सूत्र धरले.

चाळकरी, कचरा वाहतूक श्रमिक संघाचा लढा मला वंदनीयच आहे. तिथे कंत्राटदारामागे एक महापालिका होती. पण पुण्यातल्या कचरावेचक बायांना एक मालक शोधून दिला असता तो कोण? हजारो घरे? त्यांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून आधी ओळखपत्र मिळवले, मग भंगाराच्या भावावर बोलणी केली, आणि २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. घरोघरच्या शुल्कातून मिळकत होते, आणि तरीही त्या संघटित आहेत. शिवाय विखुरलेल्या कामाला मंडळ लागू पडत नाही असे म्हणावे, तर १९८१ च्या सुरक्षा रक्षक कायद्याने इमारती-इमारतींत विखुरलेल्या रक्षकांसाठी हाच नमुना घेतला होता.

चाळकरी

आणि त्याच कायद्यात, मंडळापेक्षा कमी नसलेले लाभ देणाऱ्या एजन्सीच्या रक्षकांना सूट देण्याचे कलमही होते. त्या दारातून किती एजन्सी बाहेर पडल्या, हे आपल्या सोसायटीच्या फाटकावरच्या रक्षकाला विचारावे. तसेच घरेलू कामगारांचे मंडळ पाहा: २००८ साली कायदा झाला, पण घरमालकाकडून लेव्ही घेण्याची सक्ती त्यात नाही, म्हणून ते शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसले. आपण ज्याला नमुना म्हणता तो माथाडींच्या बाबतीत टिकला, कारण माल उचलायला नकार दिला की बाजार थांबत असे. आधी ती ताकद, मग कलमे. दोनचाकी सांगतात त्या गोदामांच्या दारातून ती उभी राहील असे मलाही वाटते, आणि त्या कामासाठी माझ्यासारख्या निवृत्त माणसाची संध्याकाळ मोकळी आहे.

दोनचाकी

आमच्या गोदामावर मंगळवारी दुपारी तीन ते चार गर्दी नसते. मी साठ जणांची नावे, गाडीचे नंबर आणि गेल्या तीन महिन्यांच्या कमाईचे स्क्रीनशॉट जमवायला घेतले आहेत. बावीस जणांचे आले. बाकीच्यांना भीती आहे की यादी कंपनीकडे जाईल. ती कुठे ठेवायची आणि कोणाच्या हातात द्यायची, एवढे आधी सांगा.