खांद्याला मार लागल्यावर एकटा एपी एक्स-रे पुरेसा मानावा का?

अस्थिरोगतज्ज्ञ (धागाकर्ता):
मार लागलेल्या खांद्याचा फक्त एपी (समोरून मागे किरण सोडून घेतलेला) एक्स-रे काढायचा आणि हात झोळीत बांधून रुग्णाला घरी पाठवायचे, ही पद्धत बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे. खांदा पुढे निखळला तर दंडाच्या हाडाचे डोके कोराकॉइडखाली (खांद्याच्या पात्याच्या पुढे आलेल्या टोकाखाली) सरकलेले एपीमध्ये सहज दिसते. मागे निखळला तर मात्र ते जवळजवळ त्याच पातळीवर राहते आणि घाईत पाहणाऱ्याला सांधा जागेवर असल्यासारखा वाटतो. निखळलेल्या खांद्यांपैकी मागे निखळणारे २ ते ४ टक्केच असतात, पण त्यांतले निम्म्याच्या आसपास पहिल्या तपासणीत निसटतात, असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत वारंवार दिलेला आढळतो. आकडी आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर दंड आत वळवणारे बलवान स्नायू बाहेर वळवणाऱ्या स्नायूंवर मात करतात आणि डोके मागे ढकलले जाते. निदान काही आठवडे लांबले, तर वाटीच्या (पात्यावरच्या, डोके बसते त्या खोबणीच्या) कडेने डोक्यावर पडलेली खाच खोल होत जाते आणि सांधा नुसता ओढून बसवणे कठीण होऊन बसते. म्हणून एपीशी काटकोनातल्या दिशेने काढलेली दुसरी प्लेट (एक्स-रे) सक्तीची असावी.

क्ष-किरण तंत्रज्ञ:
डॉक्टर, आपला हेतू मान्य आहे, सक्ती मान्य नाही. त्या दुसऱ्या प्लेटसाठी नेहमी घेतल्या जाणाऱ्या अॅक्सिलरी (काखेच्या दिशेने काढलेल्या) व्ह्यूसाठी दंड शरीरापासून दूर न्यावा लागतो. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाचा हात तसा उचलायला लावणे क्रूरपणाचे आहे आणि हाड मोडलेले असेल तर धोक्याचेही आहे. शिवाय मागणीपत्रावर ‘खांदा एपी’ एवढेच लिहिलेले असते. डॉक्टरांनी न लिहिलेले एक्स्पोजर मी स्वतःहून देऊ शकत नाही. रात्रपाळीला एकटा तंत्रज्ञ असताना बाहेर थांबलेल्या रुग्णांचाही विचार करावा लागतो.

क्ष-किरण निदानतज्ज्ञ:
अडचण खरी आहे, पण वाट बंद नाही. खांद्याचे पाते छातीच्या मागे तिरके बसलेले असल्यामुळे सरळ उभ्या रुग्णाच्या एपीमध्ये दंडाचे डोके आणि वाटी एकमेकांवर येतात. रुग्णाला दुखऱ्या बाजूकडे ३५ ते ४५ अंश वळवले, म्हणजे ग्रॅशी व्ह्यू घेतला, की दोहोंमधली फट मोकळी दिसते. ती फट नाहीशी होऊन हाडे एकमेकांवर चढलेली दिसली, तर तिथेच शंका घ्यायला हवी. यासाठी हात हलवावा लागत नाही. मागे निखळल्याची खूण म्हणून सांगतात त्या, डोके बल्बसारखे गोल दिसण्यावर मात्र फार विसंबू नये, कारण झोळीतला हात आत वळलेलाच असतो आणि तशा स्थितीत निरोगी खांद्याचे डोकेही गोल दिसते.

दुसऱ्या दिशेसाठी वाय व्ह्यू (बाजूने घेतलेला, ज्यात पाते इंग्रजी Y अक्षरासारखे दिसते) सोसायला सोपा आहे. त्यात डोके वायच्या सांध्यावर दिसले तर खांदा जागेवर, कोराकॉइडखाली दिसले तर पुढे आणि अॅक्रोमियनखाली (पात्याच्या वरच्या, खांद्याच्या टोकाशी असलेल्या भागाखाली) दिसले तर मागे निखळलेला. अडचण एवढीच की रुग्ण थोडा कमी-जास्त वळला तरी हे चित्र फसवे होते आणि वाटीच्या कडेचा तुकडा किंवा डोक्यावरची खाच त्यात नीट कळत नाही. त्यासाठी अॅक्सिलरीच लागतो, आणि हात उचलता येत नसेल तर त्याचाच व्हेल्पो नावाचा प्रकार: झोळी तशीच ठेवून रुग्णाला टेबलाच्या कडेशी २० ते ३० अंश मागे झुकवायचे, कॅसेट खाली टेबलावर ठेवायची आणि किरण वरून सरळ खाली सोडायचे. प्रतिमा थोडी मोठी येते, पण निदान होते.

अपघात विभागातील वैद्यकीय अधिकारी:
मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. अनेक ठिकाणी मार लागून उताणा पडलेला रुग्ण मागे झुकणार कसा? सीटी स्कॅन उपलब्ध असेल तर थेट तोच करावा. मानेच्या गंभीर दुखापतीत आपण आता तेच करतो.

अस्थिरोगतज्ज्ञ:
मानेचे उदाहरण आपण काढले ते बरे झाले. जिथे मानेचा लॅटरल एक्स-रे आजही काढला जातो, तिथे सातवा मणका आणि त्याखालच्या पहिल्या पाठमणक्याची वरची कड दिसल्याशिवाय आपण ती प्लेट पूर्ण मानत नाही. खांदे आड आले तर ते खाली ओढून धरतो, नाहीतर एक हात डोक्यावर घेऊन स्विमर्स व्ह्यू काढतो. हीच शिस्त खांद्याच्या प्लेटला का लागू नसावी? खांद्याच्या साध्या एक्स-रेची किरणमात्रा साधारण ०.०१ मिलिसिव्हर्ट, सीटीची कितीतरी पटींनी जास्त. सीटी शस्त्रक्रियेचा बेत ठरवण्यासाठी ठेवावा. अनेक तालुक्यांच्या गावी तो रात्री मिळतच नाही, आणि माझा आग्रह मुख्यतः तिथल्या रुग्णांसाठी आहे. उताण्या रुग्णाचा अपवाद मला मान्य आहे, मात्र तो कागदावर नोंदवलेला असावा.

क्ष-किरण तंत्रज्ञ:
मग सक्ती मागणीपत्रावर करा, आमच्यावर नको. ‘खांदा एपी’ऐवजी ‘खांदा, इजा: ग्रॅशी आणि व्हेल्पो किंवा वाय’ असे लिहा, आणि आकडी आली होती का, विजेचा धक्का बसला होता का, दंड बाहेर वळतो का, हेही त्याच कागदावर नोंदवा. एवढी माहिती हाती असेल तर कोणत्या रुग्णापाशी जास्त वेळ द्यायचा, हे मला टेबलाशीच कळेल. हात उचलण्याची सक्ती मात्र मी आजही मानणार नाही.