खुब्याच्या ऑपरेशननंतर सगळं छान चाललं होतं, आता अचानक पुन्हा दुखतंय – मदत हवी आहे

शेवंती_नेरुळ

नमस्कार मंडळी,

उजव्या खुब्याचा सांधा बदलून घेतला आहे. वय ६३, मधुमेह नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. ऑपरेशन आषाढी एकादशीच्या सुमारास झालं. सांधा मागच्या बाजूने चीर देऊन बसवला आहे, म्हणून कमरेत नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, ही पथ्यं आहेत. ती मी कसोशीने पाळते. रात्री पायांमध्ये उशी असते, कमोडवर उंच सीट बसवलं आहे, पाट आणि चटई घरातून हद्दपार.

सुरुवातीला इतकं छान चाललं होतं की मलाच नवल वाटायचं. आधीचं ते खोल, हाडातलं दुखणं ऑपरेशननंतर गेलं ते गेलंच. नागपंचमीपर्यंत वॉकर सुटून हातात काठी आली. आमची सिडकोची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. तरी राखीला खाली उतरून भावाकडे जाऊन आले. सहा आठवड्यांच्या तपासणीला एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, एकदम मस्त बसलाय सांधा.

आणि त्यानंतर दोन दिवसांतच हे सुरू झालं. पलंगावर चढताना उजवा पाय उचलला की जांघेत अशी कळ येते की हाताने पाय धरून वर घ्यावा लागतो. रात्री मांडीच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागतो. सकाळी उठल्यावर पहिली चार-सहा पावलं लंगडत जातात, मग जरा मोकळं होतं. कंबरही धरते. पडले नाही, घसरले नाही, वाकले नाही. तापही नाही. फोनवर डॉक्टरांच्या असिस्टंटनी सांगितलं, "होतं असं, दोन-चार दिवस आराम करा." आराम केला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, चालायला लागले की पुन्हा तेच.

घरात प्रत्येकाचं वेगळं मत. हे म्हणतात पावसाळी हवा आहे. सूनबाई म्हणते व्यायाम कमी पडतोय. माझ्या जावेचे दोन्ही गुडघे बदललेत, ती रोज फोन करून सांगते की ती ज्वेल बागेतल्या ट्रॅकवर अख्खी फेरी मारते. (तिचं कौतुक आहेच, पण रोज?) मी मात्र पुन्हा वॉकर काढला आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय. मनात येतं की सांधा सैल झाला असेल, निखळत असेल, एक्स-रेत दिसलं नसेल. रात्री जाग आली की हेच विचार.

ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय किंवा घरच्या कुणाचं जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: असं मधेच मागे जाणं तुमच्याही बाबतीत झालं का? कुठलं दुखणं अंगावर काढायचं आणि कुठल्या दुखण्याला तडक दवाखाना गाठायचा, हे कसं ओळखता? आणि आठवड्यावर गणपती आलेत, आमच्याकडे उभ्या गौरी असतात. यंदा मी काय करू शकते?

---

वाशीकर_निवृत्त

ताई, माझे दोन्ही खुबे बदललेत, एकामागून एक वर्षभराच्या अंतराने. हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून गोळा बसला होता, एव्हीएन म्हणतात ते. दोन्ही वेळा सातव्या-आठव्या आठवड्याच्या आसपास अशीच गाडी घसरली, म्हणून तुमचं वाचून हसूच आलं, रागावू नका.

मला कशाचा उपयोग झाला ते सांगतो. आमच्या फिजिओबाईंनी कालनिर्णयच्या चौकोनांत रोज लिहायला लावलं: किती चाललो, किती वेळा जिने, नवीन व्यायाम कोणता, रात्री दुखणं दहापैकी किती. पंधरा दिवसांनी पाहिलं तर दुखणं त्या दिवशीच्या चालण्यावर नव्हे, आदल्या दिवशीच्या उद्योगावर ठरत होतं. ज्या दिवशी झकास वाटायचं त्या दिवशी मी सेक्टर १७ पर्यंत जाऊन भाजी आणायचो आणि दुसऱ्या दिवशी पलंगाला खिळायचो. मग रोजचं चालणं ठरवून टाकलं, बरं वाटलं तरी त्याहून जास्त नाही. दुखलं तर निम्मं, पण शून्य नाही. शून्य केलं की सांधा आखडतो आणि पुन्हा सुरुवात करताना जास्त दुखतं.

तुमच्या बाबतीत त्या आठवड्यात नवीन काय झालं ते आठवा. तपासणीला रिक्षाने गेला होतात का? आपल्याकडच्या खड्ड्यांत रिक्षात बसणं हाही एक व्यायामच आहे. शिवाय रिक्षाची सीट बुटकी.

वॉकरचं मनाला लावून घेऊ नका. लंगडत काठीने चालण्यापेक्षा वॉकर धरून सरळ चाललेलं बरं, नाहीतर लंगडण्याची सवय लागते आणि मग ती मोडायला महिने जातात. काठीवर परत याल तेव्हा ती डाव्या हातात धरा. उजवा पाय दुखतो म्हणून उजव्या हातात धरणारे मी खूप पाहिलेत.

---

फिजिओ_घोडबंदर

शेवंतीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. तुमच्या सर्जनना विचारायला उपयोगी पडेल इतकंच.

तुम्ही लिहिलेली दोन दुखणी वेगळी वाटतात. पाय उचलताना जांघेत येणारी कळ बऱ्याचदा खुब्याच्या पुढून जाणाऱ्या सोआस नावाच्या स्नायूची असते. पलंगावर, गाडीत किंवा पायरीवर पाय चढवताना तोच काम करतो. उताणं झोपून सरळ पाय वर उचलण्याचा व्यायाम चालू असेल तर तो त्याला हमखास चिडवतो. तपासणीनंतर हा व्यायाम नव्याने दिला होता का?

मांडीच्या बाहेरचा रात्रीचा ठणका बहुतेकदा कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंचा असतो. सांधा खराब होता त्या वर्षांत हे स्नायू वापरात नसतात, अशक्त होतात. आता एकदम काठीवर आल्यावर सगळं वजन त्यांच्यावर येतं. सांधा नवा बसला तरी स्नायू जुनेच आहेत, त्यांना तीन महिने तरी द्यावे लागतात, पूर्ण जोर यायला कधी वर्षही लागतं. कंबरेचंही तसंच. लंगडून लंगडून कमरेचा तोल वाकडा झालेला असतो, तो सरळ होताना कंबर तक्रार करते. पुष्कळांना ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो तो यामुळेच, आणि बहुतेकांचं ते काही महिन्यांत जातं.

निखळण्याची भीती वाटते म्हणालात. सांधा निखळला तर शंका घ्यायला जागाच राहत नाही. अचानक असह्य दुखतं, पायावर उभं राहता येत नाही, पाय आखूड आणि बहुधा आत वळलेला दिसतो. तुम्ही चालताय, जिना उतरताय, तेव्हा ते झालेलं नाही.

पण पुढचं मात्र घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पोटरी सुजली, लाल-गरम झाली, दाबल्यावर दुखते, सूज एकाच पायावर वाढतेय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली तर वाट न बघता १०८ ला फोन. रक्त पातळ करणारी गोळी खुब्यानंतर साधारण पाच आठवडे देतात, ती संपली म्हणून धोका त्याच दिवशी संपत नाही. ताप, थंडी, जखमेतून पाणी किंवा पू, जखमेभोवती वाढती लाली, बसल्या जागीही न थांबणारं दुखणं: यातलं काहीही दिसलं तर लगेच सर्जन. "चार दिवस बघू" नाही. आणि पडलात, मग नंतर उभं राहता येत असलं तरी, एक्स-रे हवाच.

सकाळची पहिली पावलं दुखतात हे फोनवर नका सांगू, समोर जाऊन सांगा. बहुधा तो आखडलेपणाच असतो, पण ते महिनोन्महिने टिकलं किंवा वाढत गेलं तर सांध्याचा मांडीच्या हाडात बसवलेला दांडा नीट धरलाय ना, हे बघावं लागतं.

---

मोगरा_कळवा

माझ्या आईचं झालं तेव्हा आम्ही तिळाच्या कोमट तेलाने रोज मालीश करायचो. दुखणं पळालं होतं. करून बघा.

---

फिजिओ_घोडबंदर

मोगराताई, सद्भावना समजते, पण सर्जनना न विचारता नको. पोटरीत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटू शकते. जखमेवर तेल तर अजिबात नको. दुखऱ्या बाजूला फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, हे त्यापेक्षा बरं.

---

वाशीकर_निवृत्त

गोळ्यांबद्दल राहिलं होतं. शेजारपाजारचे लोक कॉम्बिफ्लॅम पुढे करतात. तिच्यात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतात. आधीच पॅरासिटामॉल चालू असेल तर दुप्पट होतं, रक्त पातळ करणारी गोळी अजून चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि तुम्हाला बीपी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलंच घ्या. एक मात्र मी शिकलो: लिहून दिलेली गोळी "उगाच कशाला" म्हणून रात्रभर कण्हत बसू नये. व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घेतली की व्यायाम नीट होतो.

---

शेवंती_नेरुळ

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, तुम्ही विचारलंत तेच निघालं. तपासणीनंतर नवीन व्यायामांचा कागद मिळाला होता आणि त्यात सरळ पाय उचलणं आहेच, शिवाय उभं राहून पाय बाजूला नेणं. काठी, जिने, रिक्षा आणि हे, सगळं एकाच आठवड्यात.

काल मुलाने सुट्टी घेतली आणि समोरासमोर दाखवून आले. डॉक्टरांनी पाय फिरवून पाहिला, पोटऱ्या दाबून पाहिल्या, दोन्ही मांड्यांची मापं घेतली. रक्ततपासणी केली. अंगातली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या दोन चाचण्यांपैकी सीआरपी जवळजवळ नॉर्मल, ईएसआर थोडा जास्त, पण तो उतरायला सीआरपीपेक्षा पुष्कळ वेळ लागतो म्हणाले. सैल वगैरे काही नाही. जांघेतलं स्नायूचंच. तो पाय उचलण्याचा व्यायाम बंद, बाजूला नेण्याचा निम्म्यावर, घोटे हलवणं आणि मांडी आवळून धरणं चालू. दिवसातून एकदाच जिना, तोही जरूर असेल तरच. वॉकर अजून आठवडाभर तरी. पलंगाखाली लाकडी ठोकळे घालून उंची वाढवायला सांगितली, ते काम यांनी आजच उरकलं. पाय चढवताना पहिल्याच रात्री फरक जाणवला.

कालनिर्णय भिंतीवरून काढून माझ्या उशाशी आलंय. एकादशी-चतुर्थी बघायला घरच्यांना आता माझ्या खोलीत यावं लागतं.

गौरींचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, उभं राहून साडी नेसवणं दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांत चालेल, खाली बसणं, वाकून रांगोळी, जड पातेली उचलणं नाही. जमिनीवरचे पाट, सांडलेलं पाणी आणि पोरांची पळापळ यांपासून लांब राहायचं. म्हणजे सोळा भाज्यांची निवडानिवड माझ्याकडे, खुर्चीवर बसून. बाकी सूनबाई.

---

कोपरी_पूर्व

ताई, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका "बसा हो इथे" म्हणत सोफ्यावर ओढतात, तिथे जपा. आमच्या आत्याला मऊ, खोल सोफ्यातून उठवायला दोघीजणी लागल्या होत्या. गुडघ्यांपेक्षा बसायची जागा उंच हवी, हाताला टेकू असलेली, टणक खुर्ची. आणि वाण घ्यायला-द्यायला वाकायला लागू नये म्हणून शेजारी उंच स्टूल ठेवा.

---

शेवंती_नेरुळ

हे लक्षातच आलं नव्हतं, सोफा त्या दिवशी आतल्या खोलीत. हात असलेली एक खुर्ची आहे पण जरा बुटकी वाटते. तिच्यावर उशी ठेवली तर सरकते. कुणी टणक फोमची गादी बसवून घेतली असेल तर किती जाडीची घेतली तेवढं सांगा. आणि नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला असं काम करून देणारा कुणी माहीत असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.