हरले ते हरले, वर जिंकणाऱ्याचे हात बांधून गेले. हे चालतं का?

ऐरोली_सेक्टर_८: ऑफिसच्या बसमध्ये यावर कडाकडा भांडण झालं, म्हणून इथे विचारतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर पडले, डेमोक्रॅट टोनी एव्हर्स आले. तिकडे निकालानंतर नवा गव्हर्नर थेट जानेवारीत खुर्चीवर बसतो. मधल्या डिसेंबरात रिपब्लिकन विधिमंडळाने रात्र जागवून विधेयकं मंजूर केली. ओबामाकेअर म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याविरुद्धच्या दाव्यातून राज्याला बाहेर काढू, असं एव्हर्स प्रचारात सांगत होते. तर या विधेयकांनी दाव्यातून बाहेर पडायला विधिमंडळाच्या समितीची परवानगी सक्तीची केली. आर्थिक विकास महामंडळाचा प्रमुख नेमायचा अधिकारही काही महिन्यांसाठी काढून घेतला. आणि सही कोणाची? पडलेल्या वॉकर यांचीच.

वॉकर आठ वर्षं होते. गव्हर्नरच्या हातात फार अधिकार आहेत हे त्या आठ वर्षांत एकालाही सुचलं नाही, निकाल लागल्यावर महिन्याभरात सुचलं. मला तरी याला कायदा म्हणवत नाही.

पाचपाखाडीकर: गव्हर्नर पडला, विधिमंडळ कुठे पडलं? विधानसभेत ९९ पैकी ६३ जागा त्याच निवडणुकीत रिपब्लिकनांना मिळाल्या. त्यांनाही लोकांनीच पाठवलंय ना? आणि कोर्टात गेलंच होतं प्रकरण. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अधिवेशन ४-३ ने वैध ठरवलं. तुम्हाला आवडलं नाही म्हणून ते बेकायदा होत नाही.

ऐरोली_सेक्टर_८: बेकायदा आहे असं मी म्हटलंच नाही. लबाडी कायद्यात बसवून करता येते, एवढंच म्हणतोय. आणि त्या ६३ जागांचं कौतुक नको. राज्यभरातली विधानसभेची मतं मोजली तर डेमोक्रॅट पुढे होते, जागा मात्र ३६. मतदारसंघांचा नकाशाच तेव्हा तसा आखला होता.

कळवा_नाका: प्रभागरचना म्हणा की सरळ. आपल्याला काय नवीन आहे ते 😄

नेरूळची_मावशी: आमच्या सोसायटीत डिट्टो हेच झालं. जुनी कमिटी पडली. चार्ज द्यायच्या आधी शेवटच्या मीटिंगचं निमित्त करून ठराव केला: मोठ्या रकमेच्या चेकवर जुन्या खजिनदारांचीही सही लागेल, का तर म्हणे "व्यवहारात सातत्य राहावं". सोबत लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट आधीच्याच कंत्राटदाराला पाच वर्षांसाठी. प्रोसिडिंग बुकात त्या दोन ठरावांची शाई वेगळी, अक्षर दाटून लिहिलेलं, वरच्या सह्यांना जवळजवळ चिकटलेलं. नव्या सेक्रेटरींनी पहिल्याच दिवशी ते पान सगळ्यांना दाखवलं.

पाचपाखाडीकर: मावशी, पुढे काय झालं तेही सांगा. सभासदांनी विशेष सभा बोलावून ठराव रद्द केले असतील. म्हणजे इलाज आहे.

नेरूळची_मावशी: केले ना रद्द. पण आमच्याकडे सर्वसाधारण सभा कमिटीच्या वर आहे. विस्कॉन्सिनमध्ये रद्द करायचा अधिकार कोणाला? ज्यांनी केलं त्याच विधिमंडळाला. जुनी कमिटी गेलीच नाही हो तिथे, फक्त चेअरमन बदलला.

कळवा_नाका: एकाच पक्षाला झोडू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ साली गव्हर्नर रिपब्लिकन मिट रॉम्नी होते. सिनेटर जॉन केरी राष्ट्राध्यक्ष झाले तर त्यांच्या रिकाम्या जागी रॉम्नी आपला माणूस बसवतील, या भीतीने डेमोक्रॅट विधिमंडळाने नेमणुकीचा अधिकारच काढून घेतला. २००९ मध्ये टेड केनेडी वारले तेव्हा गव्हर्नर डेमोक्रॅट. झालं, अधिकार परत! लाज म्हणून काही असते की नाही?

घणसोली_लोकल: आपल्याकडे निकाल आणि शपथविधी यात महिनाभर मोकळा नसतो, म्हणून हा खेळ तसाच्या तसा होत नाही. आपल्याकडे वरून होतो. दिल्ली बघा. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुकांचा अधिकार निवडून आलेल्या सरकारकडे दिला, १९ मे ला केंद्राचा अध्यादेश आला, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. आठ दिवस टिकला निकाल. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावं राज्यपालांकडे पाठवली. सरकार पडेपर्यंत निर्णय नाही. तिथे कायदासुद्धा करावा लागला नाही, नुसतं बसून राहिलं की झालं.

पाचपाखाडीकर: दिल्ली राजधानी आहे, तिचा प्रश्न वेगळा. आणि थेट सरपंच विसरलात का? २०१७ ला थेट निवड आणली, २०२० मध्ये महाविकास आघाडीने काढली, २०२२ मध्ये शिंदे सरकारने परत आणली. प्रत्येकाने आपल्या सोयीने केलं.

ऐरोली_सेक्टर_८: ते सत्तेत असलेल्यांनी उघडपणे केलं, पुढच्या निवडणुकीत जाब विचारता येतो. माझा आक्षेप निकालानंतरच्या घाईला आहे.

उलवे_नोड: घाईचं म्हणाल तर आमच्या नवी मुंबई विमानतळाचं नाव आठवा. २९ जून २०२२ ला, दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करायचं असताना, ठाकरे मंत्रिमंडळाने दि. बा. पाटील यांचं नाव मंजूर केलं. नव्या सरकारने जुलैत तोच निर्णय पुन्हा घेतला. आम्ही भूमिपुत्र रस्त्यावर उतरलो होतो त्या नावासाठी. शेवटच्या दिवशी घेतला म्हणून तो निर्णय वाईट का?

ऐरोली_सेक्टर_८: नाही. त्याने पुढच्याचे हात बांधले नाहीत, हवा तर फिरवता आला असता. फरक तिथेच आहे.

कळवा_नाका: आणि जिथे निवडून आलेलाच कोणी नाही तिथे? नवी मुंबई पालिकेची मुदत मे २०२० ला संपली, ठाण्याची मार्च २०२२ ला. मतदान जानेवारी २०२६ मध्ये. तोवर सगळं प्रशासकाच्या सहीने. अधिकार कापायचेत कशाला, निवडणूकच घेऊ नका.

घणसोली_लोकल: 👆 यावर वेगळा धागा काढा, इथे हातघाईवर याल.

नेरूळची_मावशी: उपाय कोणी सांगत नाहीये. अमेरिकेच्याच राज्यघटनेत २७वी दुरुस्ती आहे, १९९२ मध्ये पूर्ण झाली. खासदारांनी स्वतःचा पगार बदलला तर तो मधे एक निवडणूक झाल्यावरच लागू होतो. अधिकार कमी-जास्त करणाऱ्या कायद्यांनाही हीच अट घाला. करा खुशाल, पण लागू पुढच्या निवडणुकीनंतर.

पाचपाखाडीकर: मग पडणार असं दिसलं की निवडणुकीच्या आधीच करून ठेवतील.

नेरूळची_मावशी: करू देत की. मग तो कायदा घेऊन माझ्या दारात मत मागायला यावं लागेल.